कुरकूर न करणाऱ्यांची चौकशी

तक्रार करणाऱ्याशी न्यायाने कसे वागावे, या प्रश्नाचा विचार सर्व देशांतील शास्त्रकारांनी पुष्कळ केलेला आहे. फिर्याद आली म्हणजे ती ऐकून घ्यावी, दोन्ही पक्षांचे म्हणणे तोलावे, आणि मग आपले-परके न पाहता निर्णय द्यावा, हे तत्त्व आता शाळकरी मुलांसही ठाऊक झाले आहे. परंतु जो तक्रार करीतच नाही त्याच्यासंबंधाने आपले काही कर्तव्य आहे की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि न विचारण्याचे कारणही उघड आहे. तक्रार करणारा आपला प्रश्न स्वतःच्या पायांनी आपल्या दाराशी आणून उभा करतो. तक्रार न करणाऱ्याचा प्रश्न आपणांस उठून शोधावा लागतो. शिवाय मौन हे संमतीचे लक्षण आहे, अशी एक सोयीची म्हण आपल्या हाताशी असतेच. ती कोणाच्या सोयीची आहे, हे मात्र आपण क्वचितच पाहतो.

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी आम्ही एक दृष्टान्त घेणार आहोत, आणि तो जुन्या लष्करी जीपगाडीच्या एंजिनातला आहे. तत्त्वविचारास असा तेलकट दृष्टान्त शोभतो काय, असे कोणी म्हणेल. खानदेशात अमळनेर येथे १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने तत्त्वज्ञानमंदिर उभे राहिले. त्याच खानदेशात धुळ्यास मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदून जातात, आणि त्या रस्त्यांच्या कडेला मोटारदुरुस्तीची गॅरेजे उभी आहेत. प्रश्न मंदिरातला असला तरी त्याचे उत्तर कधी कधी गॅरेजात सापडते, आणि ते तेथे सापडले म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

आम्ही म्हणतो ती जीप दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकन सैन्यासाठी विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनी १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर सैन्याला नकोशा झालेल्या गाड्या जगभर लिलावांत निघाल्या, आणि आपल्या देशातही त्या नागरी वापरात आल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडण्यास व नंतर बनविण्यास आरंभ केला, आणि आपल्या सैन्यानेही ती अनेक दशके वापरली. पेट्रोलचे भाव चढत गेले तेव्हा कित्येक जुन्या जीपांतील मूळचे एंजिन निघून तेथे डिझेल एंजिन बसले. तथापि हौशी मालकांनी मूळच्या एंजिनासह जपलेल्या गाड्या अजून आहेत, आणि त्या एंजिनातील झडपांची फट आजही हातानेच तपासावी लागते. आमचा दृष्टान्त या फटीचा आहे.

या एंजिनात चार सिलिंडर, आणि प्रत्येकास दोन झडपा, म्हणजे व्हाल्व. एका झडपेतून पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत येते. दुसरीतून जळालेला वायू बाहेर जातो. झडप आपल्या बैठकीवर घट्ट बसली की सिलिंडर बंद होतो, आतले मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते, आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. झडप उघडण्याचे काम कॅम नावाच्या उंचवट्याकडे असते. तो फिरता फिरता टॅपेटला वर लोटतो, टॅपेट झडपेच्या दांड्याला वर लोटतो, आणि कॅमचा उंचवटा पुढे गेला की स्प्रिंगच्या जोराने झडप पुन्हा मिटते. एंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे होत असले तर प्रत्येक झडप मिनिटाला एक हजार वेळा उघडते व मिटते. धुळ्याहून पारोळा, एरंडोल या मार्गाने जळगावास जाण्यास जुन्या जीपला दोन तास लागले असे धरले, तर तेवढ्या वेळात एकेका झडपेची १,२०,००० उघडझाप होते, आणि आठही झडपांची मिळून साडेनऊ लाखांहून अधिक. इतके काम जगात फार थोडे नोकर इतक्या निमूटपणे करीत असतील.

आता या व्यवस्थेतील मुख्य गोष्ट अशी, की एंजिन थंड असताना टॅपेट व झडपेचा दांडा ही एकमेकांस टेकलेली नसतात. त्यांच्यात मुद्दाम एक फट ठेवलेली असते. विलिसच्या या एंजिनात ती एका इंचाचे चौदा हजारांश, म्हणजे ०.३६ मिलिमीटरच्या आसपास ठेवावयाची. साध्या कागदाचे तीन-चार ताव एकावर एक ठेवले तर जितकी जाडी होईल तितकी. कारागिराने काम अपुरे सोडल्यामुळे ही फट राहिलेली नसते. तीच त्याच्या कामाची पूर्तता असते. एंजिन तापले म्हणजे धातू प्रसरण पावतो आणि झडपेचा दांडा लांबतो. बाहेर जाणाऱ्या वायूची झडप तर सहा-सातशे अंशांपर्यंत तापते. वाढण्यास जागा नसेल तर लांबलेला दांडा टॅपेटवर टेकून राहतो, आणि झडप आपल्या बैठकीवर पुरती बसू शकत नाही. वरून ती मिटलेली दिसते. परंतु केसभर उघडीच असते. त्या केसभर वाटेने जळता वायू धार धरून निसटतो. झडपेला आपली उष्णता टाकून देण्याचा मोठा मार्ग म्हणजे बैठकीशी होणारा स्पर्श. तोच तुटल्यामुळे ती आणखी तापते, आणि शेवटी तिची कड जळून जाते. आरंभी थोडी जागा न ठेवल्यामुळे एक चांगली झडप नासते. ती स्वतः निकस असते म्हणून नासते असे नव्हे.

इथवरचा भाग समजण्यास सोपा आहे. कठीण भाग यापुढे आहे, आणि आमच्या प्रश्नाचा जीव त्यातच आहे.

फट जास्त झाली म्हणजे एंजिन बोलते. टॅपेट दांड्यावर आपटतो आणि टिक् टिक् असा एकसारखा आवाज येतो. झडप उशिरा उघडते, लवकर मिटते, पुरती उचलली जात नाही. त्यामुळे गाडीची ओढ थोडी कमी होते आणि आपटण्याने भाग झिजतात. हा दोषच आहे. पण तो दोष आपले नाव स्वतः पुकारतो. उलट फट कमी होऊ लागली म्हणजे आवाज कमी कमी होत जातो. या जातीच्या एंजिनात झडप सिलिंडरच्या बाजूला उभी असते. हजारो मैलांच्या धावेने तिची बैठक झिजते, झडप आपल्या जागी किंचित खाली खचते, तिचा दांडा टॅपेटच्या जवळ येतो, आणि फट आपोआप मिटत जाते. म्हणजे ज्या काळात झडप जळण्याच्या वाटेस लागलेली असते, नेमक्या त्याच काळात एंजिन पूर्वीपेक्षा अधिक शांत, अधिक सालस, अधिक मालकाच्या मनाजोगते होत असते. वाजणारा टॅपेट झडप जाळीत नाही, असे जुने मिस्त्री सांगतात, त्याचे मर्म हेच. पळासनेर सोडून बिजासनचा घाट चढताना गाडी एकाएकी दमू लागते, तेव्हा कोठे मालकास कळते की काही बिघडले आहे, आणि तेव्हा तो म्हणतो, “कालपर्यंत तर अगदी गुपचूप चालत होती!” त्याचे म्हणणे खरे असते. ती गुपचूप चालत होती, आणि त्याच मुदतीत जळत होती.

येथे मिस्त्री आणि मालक यांच्यातला एक व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. मालक गाडी घेऊन येतो आणि म्हणतो, हा टिक् टिक् आवाज बंद करा. प्रामाणिक मिस्त्री त्यास सांगतो की गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी थंड एंजिनावर माप घेऊ; माप योग्य निघाले तर थोडा आवाज राहील, तो राहू द्यावा. परंतु दुसराही एक मार्ग असतो, आणि तो फार लोकप्रिय आहे. स्क्रू थोडे थोडे फिरवून आवाज थांबेपर्यंत फट मिटवून टाकावी. मालक खूष होतो, पैसे देतो, चार जणांस त्या मिस्त्रीचे नाव सांगतो. झडप जळते ती काही महिन्यांनी. तोवर हा व्यवहार कोणाच्या लक्षात राहिलेला नसतो, आणि दोष पेट्रोलास, उन्हास किंवा गाडीच्या वयास लावला जातो. या व्यवहारात खोटे असे कोणीच काही बोललेले नाही. मालकाने शांतता मागितली, मिस्त्रीने शांतता दिली. अन्याय झाला तो तिसऱ्याच पक्षावर, ज्यास बोलण्याचे साधन एवढा टिक् टिक् आवाजच होता. आणि तोच काढून घेण्यात आला.

आता वाचकांनी हा दृष्टान्त गॅरेजातून उचलून घरात आणावा. आपल्या घरांत, कचेऱ्यांत, संस्थांत शांतता कशी निर्माण होते? ती दोन रीतींनी होते. एक शांतता अशी, की माणसाला हालण्यास, लांबण्यास, तापण्यास पुरेशी जागा आहे, म्हणून तो स्वस्थ आहे. दुसरी अशी, की त्याची जागा इतकी मिटली आहे की आवाज करण्यापुरतेही अंतर उरलेले नाही. पहिल्यास आम्ही शांत म्हणतो, दुसऱ्यास निमूट. बाहेरून ऐकणाऱ्यास या दोहोंत काहीच फरक कळत नाही. आणि घरचा कर्ता पुरुष, कचेरीचा साहेब, संस्थेचा चिटणीस हे बहुधा बाहेरून ऐकणारेच असतात. घरात दोन सुना असल्या आणि एक कुरकूर करणारी व दुसरी निमूट असली, तर आपण सर्व चिंता पहिलीची करतो आणि सर्व स्तुती दुसरीची. कचेरीत जो कारकून वर्षानुवर्षे रजा मागत नाही त्याच्याकडे आणखी एक दप्तर सोपवले जाते. आई कधी दमत नाही, ही गोष्ट कित्येक कुटुंबांत तर कुलपरंपरेसारखी अभिमानाने सांगितली जाते.

यावर कोणी म्हणेल की माणूस म्हणजे झडप नव्हे. त्याला जीभ आहे, त्याने बोलावे. हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु बोलण्यासाठी नुसती जीभ पुरत नाही. बोलल्यानंतर उभे राहण्यास जागाही लागते. जिचे माहेर तुटले आहे, ज्याची नोकरी साहेबाच्या मर्जीवर आहे, जी वृद्धा मुलाच्या घरी त्याच्या अन्नावर राहते, यांना जीभ आहे, फट नाही. आणि फट नाही म्हणूनच ती बोलत नाहीत. तेव्हा त्यांनी न बोलण्यावरून सर्व ठीक आहे असे अनुमान काढणे, म्हणजे ज्या गोष्टीने दुःख सिद्ध होते तिनेच सुख सिद्ध करणे होय. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे अनुमान सदोष आहे; आणि ते काढणाऱ्याचाच त्यात लाभ असल्यामुळे नीतीच्या दृष्टीनेही ते सदोष आहे. आमच्या मते या प्रश्नाचा निकाल येथेच लागतो. निमूटपणाचा लाभ ज्याला मिळतो, त्याच्यावरच चौकशीचा भार आहे. त्याला कोणी विचारले नाही, कोणी अर्ज केला नाही, ही सबब त्याला मिळू शकत नाही. कारण ज्या न्यायालयात तो स्वतःच पक्षकार आहे तेथे त्याच्या कानाची साक्ष पुरेशी नाही.

मग ही चौकशी करावी कशी? या बाबतीतही एंजिनाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट अशी, की फट ऐकून कळत नाही; ती मापावी लागते. त्यासाठी फीलर गेज नावाच्या पोलादी पातींचा जुडगा असतो. प्रत्येक पातीवर तिची जाडी कोरलेली असते. एंजिनाच्या बाजूचे झाकण काढतात. ते वायुनळ्यांच्या खाली अडचणीच्या जागी असल्यामुळे हाताला मोकळीक फार थोडी असते. ठिणगीचे प्लग काढून एंजिन हाताने सावकाश फिरवतात, आणि एका सिलिंडरच्या दोन्ही झडपा पूर्ण मिटलेल्या स्थितीस आणून कॅमची सपाट पाठ टॅपेटखाली आली आहे अशी खात्री करून घेतात. मग पात फटीत सरकवावयाची. ती अडकता कामा नये आणि सैलही फिरता कामा नये. जाता येता हाताला किंचित घासल्यासारखी लागली पाहिजे. माप चुकलेले असले तरच स्क्रूला हात लावावयाचा. एका पान्याने टॅपेट धरावा, दुसऱ्याने स्क्रू फिरवावा, आणि फिरवून झाल्यावर पुन्हा एकदा माप घ्यावे. एक, तीन, चार, दोन या सिलिंडरांच्या ज्वलनक्रमाने अर्धा अर्धा फेरा देत पुढे जावे, म्हणजे आठांपैकी एकही झडप सुटत नाही. वाजणारी झडप शोधून तेवढीच पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. न वाजणाऱ्या सातही पाहिल्या तरच ती तपासणी.

माणसांच्या बाबतीत ही पात कोणती? “तुझे बरे चालले आहे ना?” असा प्रश्न ही पात नव्हे, तो नुसता कान लावणे आहे, आणि त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. पात म्हणजे अशी एखादी लहानशी खरी गोष्ट, की जिच्यात समोरच्याला ‘नाही’ म्हणता येते की नाही हे कळावे. यंदा सुटीत कोठे जावयाचे ते तू ठरव. आज स्वयंपाक काय करावयाचा ते सोड, करावयाचा की नाही एवढेच सांग. या महिन्याच्या पैशांतले इतके तुझे, त्यांचा हिशोब कोणी मागणार नाही. अशा वेळी उत्तर आपल्या सोयीपेक्षा निराळे आले, तर पात सरकली, फट आहे. परंतु प्रत्येक वेळी “तुम्ही म्हणाल तसे” एवढेच उत्तर आले, तर ते ऐकून संतोष मानणाऱ्याने समजावे की पात आत गेलीच नाही.

दुसरी गोष्ट अशी, की माप थंडपणी घ्यावे लागते. तापलेल्या एंजिनावर थंडीचे माप लावले तर ते चुकीचे येते, आणि हात भाजतो तो वेगळाच. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा थंड एंजिन म्हणजे पहाटेचे एंजिन. घरातली फटही भांडणाच्या भरात मापता येत नाही. त्या वेळी प्रत्येकाचे म्हणणे लांबलेले असते, आणि ‘तुला काय कमी आहे ते सांग’ हा प्रश्न चौकशीचा न राहता आव्हानाचा होतो. जागा ठेवावयाची ती तापण्याच्या आधी, कारण नसताना, सर्व सुरळीत असताना ठेवावी लागते. आणि नेमके तेव्हाच ती ठेवण्याची आपणांस गरज वाटत नाही.

म्हणून तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. चौकशी संशय आल्यावर करावयाची नसून ठरल्या दिवशी करावयाची असते. लष्कराने हे पुरते ओळखले होते. अमेरिकेच्या युद्धखात्याने १९४४ साली या जीपसाठी काढलेल्या पुस्तकात चालकाने निघण्यापूर्वी काय पाहावे, चालताना काय, थांब्यावर काय, परतल्यावर काय, हे तर सांगितले आहेच. पण एक हजार आणि सहा हजार मैलांच्या मुदतीवर करावयाच्या तपासण्याही नेमून दिल्या आहेत. गाडी कुरकुरत असो वा नसो, मुदत भरली की झाकण उघडावयाचे. युद्धात गाडी बंद पडणे म्हणजे माणसे मरणे, हे तर त्याचे कारण आहेच. परंतु या नियमात एक नैतिक सौजन्यही आहे. संशयाने उघडलेले झाकण अपमानाचे असते. नेमाने उघडलेले झाकण अपमानाचे नसते. रोज ठरल्या वेळी विचारणाऱ्यास कोणी “आज माझ्यावर संशय का?” असे म्हणत नाही.

आणि ही बुद्धी आपल्याला केवळ परदेशी पुस्तकातून घ्यावयास पाहिजे असे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. जूं वाहून वाहून सुजलेला, चिघळलेला खांदा ज्याला बोलून दाखवता येत नाही, त्या मुक्या जनावराचा खांदा वर्षातून एका नेमल्या दिवशी तरी धन्याच्या हाताखालून जावा, अशी ही योजना आहे. तूप-हळदीने खांदा चोळताना हाताला जे कळते ते औताच्या मागून चालताना डोळ्यांना कळत नाही. आखाजीचेही तसेच. खानदेशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. परंतु सासरी कशी आहेस हा प्रश्न सासरच्या ओट्यावर विचारण्यात अर्थ नसतो. तेथे एंजिन चालू असते. माहेरी चार दिवस राहिलेल्या लेकीच्या हालचालीवरून, तिच्या झोपेवरून, न मागता बोललेल्या एका वाक्यावरून आई माप घेते. सालदारांचे साल ठरण्याची रीतही आखाजीच्याच सुमाराची. वर्षभर मुकाट्याने राबणाऱ्याला त्या दिवशी तरी मोबदल्याचे बोलता येते, आणि दुसऱ्या धन्याकडे जाताही येते. या रीती निर्दोष होत्या असे आमचे म्हणणे नाही; वर्षातून एक दिवस खांदा चोळून उरलेले दिवस जूं जड ठेवणारे धनीही होतेच. परंतु न बोलणाऱ्याची विचारपूस कोणाच्या लहरीवर न सोडता पंचांगात बांधून ठेवावी, ही त्यांतली कल्पना मोठ्या शहाणपणाची होती.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा, की चांगले चाललेले यंत्र उघडून पाहणे हाच एक उपद्रव आहे. हात लावूनच पुष्कळ गोष्टी बिघडतात. यात तथ्य आहे. वारंवार झाकण काढले तर धूळ आत जाते. ते नीट बसले नाही तर तेल गळते. म्हणूनच माप घेणे आणि स्क्रू फिरवणे ही दोन कामे निराळी ठेवली पाहिजेत. आठ झडपा मापून आठही योग्य निघाल्या, तर काहीही न करता झाकण लावून टाकणारा मिस्त्री उत्तम. काहीतरी केले असे दाखविण्यासाठी स्क्रू फिरवणारा वाईट. जो दुसऱ्याच्या जीवनात डोकावतो आणि प्रत्येक वेळी काही ना काही सुधारल्याखेरीज बाहेर पडत नाही, तो चौकशी करीत नसून सत्ता गाजवीत असतो. त्याचप्रमाणे आमच्या म्हणण्याचा अर्थ कुरकूर हाच सद्‌गुण आहे असाही नव्हे. फट वाढू दिली तर टॅपेट आपटून आपटून दांडा झिजवतो. चौदा हजारांश म्हणजे शून्य नव्हे आणि तीस हजारांशही नव्हे. शिवाय सर्वांस एकच माप लागते असेही नाही. याच घराण्यातल्या पुढच्या एंजिनात, ज्यात एक झडप वर व एक बाजूस होती, आत घेणाऱ्या झडपेस अठरा व बाहेर सोडणाऱ्या झडपेस सोळा हजारांश असे माप होते. एकाच एंजिनातल्या दोन झडपांस जर दोन मापे लागतात, तर एका घरातल्या सहा माणसांस एकच माप लावणाऱ्याने आपण समता पाळतो असा समज करून घेऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. आता पुष्कळ नव्या एंजिनांत तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून निघते. टॅपेट हाताने मापण्याचे कारण उरत नाही. भुसावळ जंक्शनावरून नागपूरकडे आणि खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गांकडे पाहा, असेही कोणी म्हणेल. पूर्वी रुळांच्या सांध्यांत उन्हाळ्यासाठी फट ठेवीत, आता लांबच लांब रूळ जोडून टाकले आहेत, आणि गाडीचा खडखडाट थांबला आहे. मग फटीचे हे पुराण कशासाठी? आमचे उत्तर असे, की यांपैकी कोठेही उष्णता नाहीशी झालेली नाही. जोडलेल्या रुळांत प्रसरणाचा जोर आतल्या आत कोंडून राहतो. स्लीपर आणि खडी यांनी तो दाबून धरलेला असतो, आणि म्हणूनच ऐन उन्हाळ्यात रूळ वाकतो की काय हे पाहण्यासाठी त्या मार्गावर गस्त घालावी लागते. आपोआप जुळणाऱ्या टॅपेटला स्वच्छ तेलाचा दाब सतत लागतो. तेल गढूळ झाले की त्याचीही अडचण सुरू होते. म्हणजे फट राखण्याचे काम संपले नाही. ते आपल्या दृष्टीआड असलेल्या दुसऱ्या कोणाकडे गेले. घर यंत्रांनी सज्ज झाले, भांडी घासण्यास बाई आली, म्हाताऱ्यांची काळजी पगारी माणसाकडे गेली, की घरातील खडखडाट थांबतो. पण त्या घराचा ताप आता कोण सोसत आहे, एवढे पाहण्याचे काम घरच्यांकडे उरतेच. उलट ज्याच्यावर तो ताप गेला ते माणूस आपल्या घरचे नसल्यामुळे त्याच्या निमूटपणाची फसगत अधिकच होते.

तेव्हा ज्याची तक्रार नाही त्याची चौकशी करणे हे केवळ दयेचे काम नाही. ते न्यायाचे काम आहे, आणि त्याची जबाबदारी ज्याला शांततेचे सुख मिळते त्याची आहे. एवढे तत्त्व मान्य झाले तर व्यवहार कठीण नाही. वर्षातले दोन-तीन दिवस नेमून ठेवावेत. ते सणाचे असोत वा महिनाअखेरीचे. त्या दिवशी घरातल्या, कचेरीतल्या, शेतावरच्या माणसांची यादी मनाशी करावी, आणि जे सर्वांत कमी बोलतात त्यांच्यापासून आरंभ करावा. भांडण नसेल अशी वेळ निवडावी. कसे आहे असे न विचारता, ज्यात नकार देता येईल अशी एखादी खरी गोष्ट पुढे ठेवावी. आणि नकार आला तर तो मानावा. काही करण्यासारखे आढळले नाही, तर काही करू नये. आणि पुढच्या नेमल्या दिवशी, मागच्या वेळी सर्व ठीक होते ही सबब न सांगता, पुन्हा पहिल्यापासून सर्वांचे माप घ्यावे.